तीस नग मोजले, हिशेबात पाचच का? भोसरीतल्या एका टी-टेस्टचं प्रकरण

टी-टेस्ट म्हणजे दोन गटांच्या सरासरींत दिसलेला फरक खरा की नुसता योगायोगाचा, हे पाहणारी चाचणी. तिचा रिपोर्ट हातात आला की नजर थेट पी-व्हॅल्यूवर जाते: खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, तो आकडा. पी-व्हॅल्यूच्या शेजारी डीएफ, म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडम, असा एक आकडा छापलेला असतो. तो सहसा कुणी वाचत नाही. या प्रकरणात वाद पेटला तो नेमका त्या आकड्यावरून, आणि खरा दोष कुठे आहे याचा पहिला इशाराही त्यानेच दिला.

आधी एक खुलासा. हे प्रकरण क्वालिटी विभागातल्या लोकांना शिकवण्यासाठी रचलेलं आहे. कारखाना, माणसं आणि मापं काल्पनिक आहेत. सूत्रं, त्यांचा इतिहास आणि सॉफ्टवेअरचं वागणं मात्र खरं आहे. आकडेमोड कॅल्क्युलेटरवर पडताळता येईल अशीच ठेवली आहे.

लॉट आला तेव्हा

भोसरी एमआयडीसीतलं एक मध्यम मशीन शॉप. माल पितळी बुशचा. बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर, टॉलरन्स अधिक-उणे २० मायक्रॉन. घरच्या सीएनसीवर मागणी पुरी होईना म्हणून थोडं काम तळवड्यातल्या एका जॉबवर्कवाल्याला दिलं. त्याचा पहिला लॉट आला. इनवर्डला क्वालिटीच्या मॅडमनी त्यातले ६ नग उचलून मोजले. घरच्या मशीनच्या २४ नगांची रीडिंग फाइलला आधीपासून होतीच.

मापं २५ मिलिमीटरपासून किती मायक्रॉन सरकली आहेत, अशी लिहिली होती. जॉबवर्कचे सहा नग: २, १९, −४, १२, २३, ८. सरासरी १०, व्हेरियन्स (मापं सरासरीभोवती किती पसरली आहेत त्याचं माप) १०३.६, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन (व्हेरियन्सचं वर्गमूळ) सुमारे १०.२. घरच्या २४ नगांची सरासरी १, व्हेरियन्स ९, स्टँडर्ड डेव्हिएशन ३. दोन सरासरींत ९ मायक्रॉनचा फरक, आणि वर २३चा एक नग टॉलरन्सच्या बाहेर.

जॉबवर्कवाल्याला काय सांगायचं, एवढाच प्रश्न होता. ‘तुमची सेटिंग ९ मायक्रॉन वर आहे, ऑफसेट खाली घ्या’ असं सांगणं सगळ्यात सोपं. मॅडमनी एक्सेलमध्ये टी.टेस्ट फंक्शन लावलं, शेवटच्या रकान्यात २ टाकले (बहुतेक जण तेच टाकतात, कारण कॉलेजात तेवढंच शिकवलेलं असतं) आणि उत्तर आलं ०.०००६. मॅनेजर साहेबांनी ते पाहिलं आणि मेल लिहायला घेतली.

नव्याने लागलेल्या एका इंजिनीअर मुलाने तोच डेटा ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून पाहिला. त्याला मिळालं टी २.१४३, डीएफ ५.२१९, पी-व्हॅल्यू ०.०८३. एका डेटाची दोन उत्तरं, आणि एकमेकांपासून शंभरपटीहून जास्त लांब. साहेबांनी मेल थांबवली.

फ्लोअरचे सुपरवायझर काका शेजारी उभे होते. त्यांना पी-व्हॅल्यूशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, “अरे, मोजले तीस नग. मग हे पाच पॉइंट दोन कुठून आलं? बाकीचे पंचवीस भंगारात गेले का?”

मुलगा म्हणाला, “काका, फॉर्म्युला तसाच आहे.”

हे काही उत्तर नव्हे. काकांचा प्रश्न मात्र चोख होता.

दोन हिशेब, दोन पट्ट्या

टी म्हणजे दिसलेला फरक भागिले त्या फरकाची स्टँडर्ड एरर (दुसरे नग उचलले असते तर तो फरक साधारण किती हलला असता, त्याचं माप). फरक दोन्ही हिशेबांत ९ मायक्रॉनच आहे. बदलते ती भागणारी पट्टी.

एक्सेलमधला २ म्हणजे असं गृहीत धरणं, की दोन्हीकडच्या मापांचा खरा पसारा सारखाच आहे आणि म्हणून दोघांची मिळून एक सामाईक व्हेरियन्स काढायला हरकत नाही. घरच्या नगांकडून २३ × ९ = २०७, जॉबवर्ककडून ५ × १०३.६ = ५१८. बेरीज ७२५, भागिले २८, म्हणजे २५.९. तिला (१/२४ + १/६) ने गुणलं की ५.३९, वर्गमूळ २.३२. टी झाला ३.८७, डीएफ २८.

या सामाईक आकड्याकडे जरा थांबून पाहा. २५.९ हा व्हेरियन्स कुणाचा? घरच्या मशीनचा ९ आहे, जॉबवर्कचा १०३.६. २५.९ दोघांपैकी कुणाचाच नाही. घरचे नग संख्येने चौपट, म्हणून सरासरी त्यांच्या बाजूला ओढली गेली. मग तोच २५.९ आपण जॉबवर्कच्या सहा नगांनाही लावला आणि त्यांचा पसारा कागदावर चौथाईवर आणला. थोडक्यात, घरच्या मशीनची शिस्त जॉबवर्कवाल्याच्या नावावर जमा केली.

दुसऱ्या हिशेबात प्रत्येकाचा पसारा ज्याच्या त्याच्याकडेच राहतो. जॉबवर्क: १०३.६ ÷ ६ = १७.२७. घरचे: ९ ÷ २४ = ०.३७५. बेरीज १७.६४, वर्गमूळ ४.२०. टी = ९ ÷ ४.२० = २.१४. स्टँडर्ड एरर जवळजवळ दुप्पट झाली.

लहान गटाचा पसारा मोठा असेल तेव्हा सामाईक व्हेरियन्सची टेस्ट नसलेला फरक सर्रास ‘सापडवते’. आपल्या प्रकरणात किती? ढोबळ हिशेब करू. डीएफ २८ला पाच टक्क्यांची सीमा, म्हणजे ज्या टीला पी-व्हॅल्यू ०.०५ येते आणि ज्याच्या पुढे फरक खरा मानतात तो टी, २.०४८. तिला २.३२ने गुणलं की ४.७६ मायक्रॉन. खरी स्टँडर्ड एरर जर ४.२०च्या आसपास असेल, तर ४.७६ म्हणजे जेमतेम १.१३ पट. मशीनांत काडीचा फरक नसतानाही केवळ नग उचलण्याच्या योगायोगाने ही सीमा साधारण चारात एकदा ओलांडली जाईल. ठरवलेली चूक वीसात एकची, होणारी चारात एकची.

उलटं असतं, म्हणजे पसरट जॉबवर्कचे २४ नग आणि घरचे ६, तर हीच टेस्ट भलतीच भित्री झाली असती. तेव्हा सामाईक स्टँडर्ड एरर ४.२५ येते, वेगवेगळी धरलेली २.४१. खरा फरकही झाकला गेला असता.

पाच पॉइंट दोन

आता काकांचा प्रश्न. पट्टी दुरुस्त केली, टी २.१४ आला. डीएफ २८च ठेवला तर पी-व्हॅल्यू ०.०४१ येते. ‘फरक आहे’ असं म्हणून मोकळं होता आलं असतं. ५.२२ डीएफ धरला की तीच ०.०८३ होते. टी तोच, निर्णय फक्त डीएफने फिरवला. म्हणून हा आकडा कुठून येतो ते पाहणं भाग आहे.

डीएफ नगांची मोजदाद करत नाही. आपली पट्टी, म्हणजे स्टँडर्ड एरर, किती पक्क्या माहितीवर बेतलेली आहे, हे तो सांगतो. जॉबवर्कच्या सहा मापांतून सरासरी १० वजा करा: −८, ९, −१४, २, १३, −२. यांची बेरीज शून्य होणारच, म्हणून पाच सांगितले की सहावा आपोआप ठरतो. पसाऱ्याबद्दलची सुटी माहिती पाचच.

पाच माहितींवर काढलेला पसारा किती डळमळीत असतो, ते ऐकल्यावर साहेबांचाही चेहरा बदलला. मापं नॉर्मल वितरणातली आहेत असं धरलं, तर जॉबवर्कच्या १०.२ या स्टँडर्ड डेव्हिएशनचा ९५ टक्के विश्वासाचा पट्टा साधारण ६.४ ते २५ मायक्रॉन असा निघतो. घरच्या ३चा पट्टा २.३ ते ४.२. एकाला आपण ओळखतो, दुसऱ्याला नुसतं लांबून पाहिलं आहे.

आता १७.६४ या बेरजेत कोणाचा वाटा किती? १७.२७ जॉबवर्कचा, ०.३७५ घरचा. म्हणजे जवळपास ९८ टक्के अनिश्चितता त्या सहा नगांकडून येते. घरच्या नगांकडे २३ डीएफची पक्की माहिती आहे, पण ती २ टक्क्यांबद्दलची. ९८ टक्क्यांबद्दल आपल्याकडे पाचच. मग सगळ्या पट्टीची लायकी पाचपेक्षा थोडीशीच जास्त असणार. काका, पंचवीस नग भंगारात गेले नाहीत. त्यांनी आपलं काम केव्हाच करून टाकलं, आणि जे काम बाकी आहे त्यात त्यांचा उपयोग नाही.

सूत्र हेच बोलतं. १७.२७ला ज आणि ०.३७५ला घ म्हणू. डीएफ = (ज + घ)² ÷ [ज²/५ + घ²/२३]. वर ३११.२, खाली ५९.६३ आणि ०.००६. भागाकार ५.२२. खालची दोन पदं शेजारी ठेवली की कोण वजन उचलतंय ते उघड दिसतं.

सूत्रामागची युक्ती अशी: ज + घ या बेरजेचं वितरण नेमकं कोणतं, ते सुटसुटीत लिहिता येत नाही. एकाच व्हेरियन्सचा अंदाज असता तर तो काय-स्क्वेअर (χ²) या ओळखीच्या वितरणाच्या पटीत बसला असता. मग असं करायचं, की बेरजेलाही एखादं काय-स्क्वेअर वितरण चिकटवायचं आणि दोघांची सरासरी आणि व्हेरियन्स जुळेल असा डीएफ निवडायचा. तो डीएफ पूर्णांकच यावा असं काही बंधन नाही, म्हणून दशांश. आणि त्यात भरलेले ज आणि घ हे स्वतःच नमुन्यातून आलेले आहेत, म्हणून दुसरे सहा नग उचलले तर डीएफही बदलेल. हा आकडासुद्धा एक अंदाजच आहे, हे विसरलं जातं.

तो जातो मात्र ठरलेल्या हद्दीत. खाली लहान गटाचा डीएफ (इथे ५), वर दोघांची बेरीज (२८). वरची हद्द कधी गाठली जाते, याबद्दल एक गैरसमज मी वारंवार ऐकतो: दोन्ही व्हेरियन्स सारखे आले की २८ मिळतात म्हणे. गट समान आकाराचे असतील तर खरं आहे. २४ आणि ६ असतील तर नाही. व्हेरियन्स अगदी तंतोतंत सारखे निघाले तरी या सूत्राने डीएफ ७.७ येतो, कारण लहान गटाच्या सरासरीची अनिश्चितता तेव्हाही चौपट असते. २८ मिळायला घरच्या मशीनचा व्हेरियन्स जॉबवर्कच्या १८.४ पट व्हावा लागेल. विषम नमुन्याची ही किंमत आहे, आणि ती नमुना उचलतानाच मोजलेली असते.

पाच की पाच पॉइंट दोन?

मधल्या काळात मॅडमनी एक्सेलच्या डेटा ॲनालिसिसमधली असमान व्हेरियन्सची टेस्ट चालवली. तिथे डीएफ ५ आला, पी-व्हॅल्यू ०.०८५. मग टी.टेस्ट फंक्शनमध्ये २ऐवजी ३ टाकून पाहिलं, तर ०.०८३. एकाच एक्सेलची दोन तोंडं! कारण साधं आहे: डेटा ॲनालिसिसचं टूल डीएफ जवळच्या पूर्णांकावर आणतं, फंक्शन दशांश तसाच वापरतं. मायक्रोसॉफ्टच्या मदतपानावर हे लिहिलेलंही आहे. मिनिटॅब दशांश छाटून टाकतं. आरमध्ये टी.टेस्टला काही न सांगता असमान व्हेरियन्सचाच हिशेब होतो. पायथनच्या सायपायमध्ये उलट, तिथे न सांगितल्यास व्हेरियन्स समान धरले जातात. एसपीएसएस दोन्ही ओळी छापतं आणि निवड तुमच्यावर सोडतं.

०.०८३ आणि ०.०८५ यांवर वाद घालण्यात अर्थ नाही. छापील तक्त्यांच्या जमान्यात पूर्णांक लागायचा, आता लागत नाही, एवढाच मुद्दा. रिपोर्टात मात्र कोणती टेस्ट लावली आणि डीएफ किती आला, हे लिहिलंच पाहिजे. ‘टी-टेस्ट केली, पी अमुक’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट मी परत पाठवतो.

साहेबांनी आणखी एक शंका काढली, ती रास्त होती: आधी एफ-टेस्ट लावून व्हेरियन्स समान आहेत का ते बघू, मग टेस्ट निवडू. इथे दोन व्हेरियन्सचं गुणोत्तर ११.५ आहे, एफ-टेस्ट डोळे झाकूनही ‘असमान’ म्हणेल. पण नेहमीची पद्धत म्हणून मला हे पसंत नाही. नमुने लहान असतात तेव्हा एफ-टेस्टला असमानता बऱ्याचदा दिसतच नाही, आणि नेमकी तेव्हाच तिची गरज असते. शिवाय मापं नॉर्मलपासून थोडी हटली तरी ती बिथरते. आणि आधी एक चाचणी, तिच्या निकालावर दुसरी, अशी साखळी लावली की शेवटच्या पाच टक्क्यांना पाच टक्के म्हणता येत नाही. सरळ असमान व्हेरियन्सची टेस्टच लावावी. व्हेरियन्स खरोखर समान असले तर थोडी ताकद, म्हणजे खरा फरक पकडण्याची क्षमता, जाते, आणि दोन्ही गट समान आकाराचे असतील तर तीही फारशी नाही.

या सूत्रामागची भांडणं

टी वितरण १९०८चं, डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने ‘स्टूडंट’ या टोपणनावाने दिलेलं. दोन गटांचे व्हेरियन्स वेगळे असतील तर काय, हा प्रश्न जर्मनीच्या बेरेन्सने १९२९मध्ये मांडला, १९३५मध्ये ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने तो उचलला, आणि तेव्हापासून त्याला बेरेन्स-फिशर प्रश्न म्हणतात.

इथे एक मराठी माणूस येतो आणि तो आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नसतो. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा; शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आणि मग लंडनला. त्यांनी १९३८मध्ये ‘सांख्य’ या नियतकालिकात बेरेन्स-फिशर टेस्टवर लेख लिहिला. तिच्यासाठी त्यांनी काढलेले तक्ते पुढे फिशर आणि येट्स यांच्या प्रसिद्ध तक्तासंग्रहात गेले. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते, आणि उत्तरायुष्यात पुण्यात राहून पोषणावर वाद घालत राहिले. भूक आणि कॅलरी यांवरचे सुखात्मे लोकांना आठवतात. दोन गटांच्या असमान पसाऱ्याचे सुखात्मे आठवत नाहीत.

त्या तक्त्यांत आजच्यासारखा एकच डीएफ नसे. दोन्ही गटांचे डीएफ वेगळे घ्यायचे, शिवाय दोन स्टँडर्ड एररच्या गुणोत्तरातून एक कोन काढायचा, आणि तिघांच्या जोडीने तक्ता बघायचा. बर्नार्ड वेल्चने १९३८ आणि १९४७च्या लेखांत वेगळी वाट धरली. सॅटरथ्वेटने १९४६मध्ये व्हेरियन्सच्या बेरजांसाठी डीएफ जुळवण्याची रीत मांडली. आपण वापरलेलं सूत्र या दोघांच्या नावाने ओळखलं जातं. फिशरला वेल्चचा मार्ग कधीच पटला नाही. वाद तत्त्वाचा होता: फिशर हाती आलेल्या एका नमुन्याबद्दल बोलत होता, वेल्चला पुन्हा पुन्हा नमुने घेतले तर चुकीचं प्रमाण किती राहील याची फिकीर होती. तो वाद मिटला असं म्हणवत नाही. कारखान्यांत आणि सॉफ्टवेअरमध्ये वेल्च जिंकला, कारण त्याची रीत एका ओळीत बसते.

आणखी किती नग?

०.०८३चा अर्थ ‘फरक नाही’ असा मुळीच नाही. ५.२२ डीएफने फरकाचा ९५ टक्के पट्टा −१.७ ते १९.७ मायक्रॉन येतो. म्हणजे फरक शून्य असू शकतो, किंवा अख्ख्या टॉलरन्सच्या निम्म्याएवढा. अशा पट्ट्यावर कुणाची सेटिंग हलवू नये. सामाईक व्हेरियन्सचा पट्टा ४.२ ते १३.८ दिसत होता, नीटनेटका आणि खोटा.

आणखी नग मोजायचे ठरलं. घरचं मशीन शेजारीच, मायक्रोमीटर हातात, म्हणून मुलगा म्हणाला, “घरचे दोनशे काढू का?” हिशेब करून पाहिला. घरचे २४चे २४० केले, व्हेरियन्स तोच राहिला, तर स्टँडर्ड एरर ४.२० वरून ४.१६ होते. आणि डीएफ ५.२२ वरून ५.०२, म्हणजे चक्क कमी! माहिती वाढवली आणि डीएफ घसरला, कारण उरलेल्या अनिश्चिततेत जॉबवर्कच्या सहा नगांचा वाटा आणखी वाढला. दोनशे सोळा नगांची मोजणी, फायदा ०.०४ मायक्रॉन.

जॉबवर्कचे नग ६ ऐवजी २४ घेतले आणि पसारा तेवढाच राहिला, तर स्टँडर्ड एरर २.१७ आणि डीएफ २७. सगळा फायदा या बाजूला. टेम्पो तळवड्याला गेलाच पाहिजे.

“हे एकाच मशीनचे आहेत का?”

इथपर्यंत सगळं आकडेशास्त्र. पुढची गोष्ट काकांनी केली. ९८ टक्के अनिश्चितता सहा नगांत आहे, एवढं कळल्यावर ते त्या सहा आकड्यांकडे निरखून पाहत राहिले आणि म्हणाले, “साहेब, पितळ काय एवढं पळत नाही. हे एकाच मशीनचे आहेत का विचारा.”

नव्हते. जॉबवर्कवाला दोन मशीनवर माल काढत होता आणि एकाच क्रेटमध्ये भरत होता. विचारल्यावर त्याने मशीननुसार वेगळे नग दिले, प्रत्येकी १२. एक नंबर मशीन: सरासरी १.५, स्टँडर्ड डेव्हिएशन ५. दोन नंबर: सरासरी १७, स्टँडर्ड डेव्हिएशन ५.५.

मूळचे सहा पुन्हा वाचा: २, −४, ८ एका बाजूला आणि १९, १२, २३ दुसऱ्या. दोन सरासरी २ आणि १८. अर्थात सहा आकडे पाहून आधीच असे दोन ढीग करून निष्कर्ष काढणं म्हणजे बाण मारून मग भोवती वर्तुळ आखणं झालं असतं; नवे २४ नग मोजणं गरजेचंच होतं.

आता गंमत बघा. हे २४ नग मशीन न विचारता एकत्रच घेतले असते तर? सरासरी ९.२५, व्हेरियन्स ८९.१, घरच्याशी फरक ८.२५, वेल्चचा (असमान व्हेरियन्सचा) टी ४.०८, डीएफ २७.६, पी-व्हॅल्यू ०.००१च्याही खाली. टेस्ट बरोबर, डीएफ भरपूर, निकाल ठाम. आणि त्यावरून ‘ऑफसेट ८ मायक्रॉनने कमी करा’ असा निरोप गेला असता. एक नंबर मशीन १.५ वरून −६.५ वर गेलं असतं, दोन नंबर १७ वरून ९ वर. एक चांगलं चाललेलं बिघडलं असतं, दुसरं अर्धवट सुधारलं असतं, आणि पसारा जिथल्या तिथे. ९ मायक्रॉनचा तो फरक कोणत्याही मशीनचा नव्हताच. डीएफ वाढवणं आणि प्रश्न सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ५.२२ने ‘नग वाढवा’ एवढंच सांगितलं नव्हतं. कोणत्या ढिगाकडे जाऊन पाहायचं तेही सांगितलं होतं.

मशीननुसार वेल्चची टेस्ट पुन्हा केली. एक नंबर विरुद्ध घरचं: फरक ०.५, टी ०.३२, डीएफ १५.१. काही करायची गरज नाही. दोन नंबर विरुद्ध घरचं: फरक १६, स्टँडर्ड एरर १.७०, टी ९.४, डीएफ १४.४. इथे डीएफवरून भांडायला कुणाला जागाच उरली नाही. मेल अखेर गेली, ती एका मशीनपुरती: दोन नंबरच्या वेअर ऑफसेटमध्ये व्यासावर उणे ०.०१६ मिलिमीटर टाका, एक नंबरला हात लावू नका, दोन्हीचा माल वेगळ्या क्रेटमध्ये पाठवा.

इनवर्डच्या फॉर्मात ‘मशीन नंबर’ असा रकाना वाढला. मॅडमनी टी-टेस्टच्या शीटमध्ये २चे ३ केले आणि दोन्ही गटांचे ‘व्हेरियन्स भागिले नग’ हे आकडे शेजारी शेजारी येतील अशी सोय केली, म्हणजे वजन कुणाकडे आहे ते डीएफ वाचायच्या आधीच दिसेल.

एक गोष्ट राहिली आहे. सेटिंग दुरुस्त झाली तरी पसारा ऑफसेटने कमी होत नाही. ±२० टॉलरन्सला ५ मायक्रॉनचं स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे सीपी (टॉलरन्सची पूर्ण रुंदी भागिले सहा स्टँडर्ड डेव्हिएशन) १.३३, ५.५ म्हणजे १.२१. एक नंबर काठावर पास, दोन नंबर नाही. पुढच्या लॉटच्या आधी त्याचा टरेट आणि स्पिंडलचा प्ले तपासायला काका स्वतः तळवड्याला जाणार आहेत.